पुळणीचं मूळ गाव

बाय, मुठीत वाळू घेऊन नुसता रंग बघत बसू नकोस. रंगाने मला एकदा चकवलं आहे. रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या डोंगराने समुद्राचे दोन भाग केलेत, मांडवीकडचा काळा समुद्र आणि मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. शाळेत नवा मास्तर होतो तेव्हा पांढऱ्या समुद्रावरची पुडी मी 'गारगोटीची वाळू' अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. काही वर्षांनी एका मुलाने तिच्यावर लिंबू पिळलं, तर ती फसफसली. गारगोटी लिंबाने फसफसत नाही. त्या पुडीत शिंपल्यांचा चुरा भरपूर होता. चिठ्ठी त्याच दिवशी बदलली, पण तोवर किती मुलांना चुकीचं सांगून झालं होतं! ती रुखरुख अजून जात नाही.

तेव्हा आधी लिंबू. पण त्याहीआधी वाळू गोड्या पाण्याने दोनतीनदा धू आणि उन्हात वाळव. न धुतलेल्या वाळूत मिठाचे खडे राहतात आणि भिंगाखाली ते थेट गारगोटीसारखे चमकतात. मग चिमूटभर वाळू बशीत घेऊन रस टाक आणि भिंगातून जरा वेळ बघत राहा. बुडबुडे बारीक असतात, उशिरा येतात.

पांढऱ्या वाळूत शिंपलेच का, तर आपल्याकडचा कातळ म्हणजे गोठलेला लाव्हा. त्याच्या अंगात गारगोटी जवळजवळ नसतेच, पोकळ्यांमध्ये सापडते तेवढीच. हा कातळ कुजला की त्याची बहुतेक माती होते आणि ती खाडीत बसते. सहजी न कुजणारे जड काळे कण मागे राहतात. मग पांढरं येणार कुठून? तिसऱ्या, मुळे, कालवं यांच्या कवचांतून, म्हणजे समुद्रातूनच. मालवणच्या खाली वेंगुर्ले, शिरोड्याकडे गेलीस की मात्र जमीनच बदलते. तिथे लाव्हा संपून त्याहून खूप जुने, गारगोटीने भरलेले खडक लागतात. तिथल्या वाळूतल्या चमकत्या कणांवर हवं तेवढं लिंबू पिळ, ढिम्म हलणार नाहीत.

काळ्या वाळूला करवंटी घे. वाळूवर पाणी घालून करवंटी हळूहळू हेलकाव, हलकं वाहून जाईल आणि तळाला काळं राहील. त्यात इल्मेनाईट असतं, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जी भुकटी घालतात ती या काळ्या खनिजातून काढता येते, हे मला आजही नवलाचं वाटतं. गारगोटी पाण्याच्या २.६५ पट जड, तर हे सुमारे ४.७ पट. साधं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरव, नाहीतर चिकटलेले कण सुटता सुटत नाहीत. जे झटकन उडी मारतं ते मॅग्नेटाईट. इल्मेनाईट साध्या चुंबकाकडे फारसं ओढलं जात नाही.

समुद्रही हीच करवंटी हलवत असतो. पावसाळ्यातल्या उधाणाच्या लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड काळं वर पट्ट्यांनी पडून राहतं. म्हणून एकाच पुळणीची आषाढातली पुडी आणि वैशाखातली पुडी सारखी निघत नाही. पुडीवर गाव, तारीख आणि भरतीच्या रेघेच्या वर की खाली, एवढं लिहीच. चमचाभर वाळू पुरते, पिशव्या भरू नकोस.

कणांच्या कडा वाचताना घाई नको. चपटा, किंचित वाकलेला, अंगावर रेघा असलेला कण शिंपल्याचा. गारगोटी फार टणक, तिची धार सावकाश जाते. धारदार गारगोटी दिसली तर ती फारशी लोळलेली नाही, गोल दिसली तर तिने खूप प्रवास केलाय, किंवा एका जुन्या वाळूच्या दगडातून सुटून ती दुसऱ्यांदा किनाऱ्याला लागली आहे. मात्र बारीक कण पाण्यात तरंगत जातात, एकमेकांवर जोरात आपटत नाहीत, त्यामुळे दूरवरून येऊनही धारदार राहतात. तुलना करायची ती एकाच मापाच्या कणांची.

आता ओहोटी बघून भाट्याला जा. खाडीच्या तोंडाशी एक पुडी घे आणि काजळी नदीच्या पात्रात वर जाऊन दुसरी. दोन्हींतले काळे कण पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेव आणि कडा बघ.