राखणदार विनाशिका

मोठी युद्धनौका सहसा एकटी सागरसंचार करीत नाही. तिच्याभोवती लहान पण अतिशय वेगवान नौकांचे कडे असते. या नौकांस ‘विनाशिका’ म्हणतात. पाणबुडीचा माग काढून तिच्यावर पाणसुरुंग टाकणे व शत्रूच्या जहाजांवर पाणतीर सोडणे, हे त्यांचे काम. नाव भयंकर खरे; परंतु त्यांचा मुख्य धर्म राखणदारीचाच होय.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराचा अकरावा विनाशिका-ताफा हिंदी महासागरात होता. ‘रॉदरहॅम’ ही त्याची अग्रनौका. त्या काळी जर्मन पाणबुड्या आपल्या सागरी वाटांवर जहाजे बुडवीत आणि भर समुद्रात तेलवाहू जहाजांकडून इंधन घेत. १९४४ च्या फेब्रुवारीत ‘रिलेंटलेस’ या विनाशिकेने आणि मार्चमध्ये ‘रोबक’ या विनाशिकेने असे एकेक तेलवाहू जहाज गाठले. दोन्ही जहाजे बुडाली व पाणबुड्यांची रसद तुटली.

पुढे १९४९ मध्ये स्वतंत्र भारताने ब्रिटनकडून ‘रॉदरहॅम’, ‘रेडर’ व ‘रेडाउट’ या नौका घेतल्या. त्यांची नावे अनुक्रमे ‘राजपूत’, ‘राणा’ व ‘रणजित’ अशी ठेवण्यात आली.

१९७१ च्या युद्धात ‘राजपूत’ वृद्ध झाली होती. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी आपल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या शोधात निघाली होती. ‘विक्रांत’ला गुप्तपणे अंदमानकडे धाडण्यात आले. इकडे विशाखापट्टणजवळ ‘राजपूत’ने ‘विक्रांत’च्या नावाने बिनतारी संदेश पाठविले. शत्रूचा घाव आपल्यावर ओढवून घेण्याचेच हे कार्य होते! ३ डिसेंबरच्या रात्री बंदराबाहेर पडताना पाण्यात संशयास्पद हालचाल दिसताच कप्तान इंदर सिंग यांनी पाणसुरुंग टाकविले. त्याच रात्री ‘गाझी’ सर्व खलाशांसह बुडाली. ती कशाने बुडाली याविषयी आजही मतभेद आहेत. मात्र ‘विक्रांत’ सुरक्षित राहिली, हे निर्विवाद.

१९७६ मध्ये ‘राजपूत’ निवृत्त झाली. एके काळी विनाशिका परदेशातून घ्याव्या लागत; पुढे मुंबईच्या माझगाव गोदीत त्या बांधल्या जाऊ लागल्या. तेथे बांधलेली ‘दिल्ली’ १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली. नौका बदलल्या, राखणदारीचा धर्म तोच राहिला.

स्वाध्याय
१. विनाशिकांना ‘राखणदार’ का म्हटले आहे?
२. तेलवाहू जहाजे बुडाल्याने पाणबुड्यांची कोणती अडचण झाली?
३. ‘राजपूत’ने शत्रूला कसे चकविले?