नाणं आधी कडेने बघावं

जुनी नाणी जमवण्याचा नाद लागला की भेटेल तो एकच विचारतो, "याचे किती येतील हो?" या प्रश्नाने नाक मुरडणारे संग्राहक मला पटत नाहीत. किंमत कळायची तर आधी नाणं कळावं लागतं, आणि ते पुस्तकाआधी बोटांना कळतं. बोटांना कळलेलं थोडं इथे लिहितो. नवशिक्याचे चार पैसे वाचले तरी पुष्कळ.

1. जुनं म्हणजे महाग नव्हे. सातवाहनांची शिशाची आणि पोटिनची नाणी आपल्याकडे एवढी निघाली आहेत की सुमारे दोन हजार वर्षांचं अस्सल पण झिजलेलं नाणं काही शे रुपयांतही मिळून जातं. सहाव्या जॉर्जचा 1939चा रुपया त्यामानाने कालपरवाचा. पण तो दुर्मिळ, म्हणून त्याचा भाव कित्येक पटींनी चढा. आदल्या वर्षीचा, 1938चा, रगड मिळतो. साहजिकच 8चा 9 करून देणारे कारागीरही आहेत. 1939चा रुपया समोर आला की दहापटीच्या भिंगातून शेवटचा आकडा पाहावा, आणि आजूबाजूची जमीन खरवडलेली दिसली तर नमस्कार करून निघावं.

2. भाव करण्याआधी मोड काढावी. राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे साधारण 10.7 ग्रॅम शुद्ध. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणलं की तळाची किंमत हातात येते. त्यावर विक्रेता जे मागतो ते नाण्याच्या रूपाचे, आणि रूप नसेल तर ते द्यायचे नाहीत. 1940 ते 1945च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे. तरी ते राणीछापच्याच ढिगात, त्याच भावाने बसलेले असतात.

3. काटा, पाणी, नाद. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आता स्वस्तात मिळतो, तो घ्यावाच. पण नुसत्या वजनावर जाऊ नये, कारण वजन जुळवणं नकली माल करणाऱ्यालाही जमतं. घरी आणल्यावर काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. पूर्ण वजनाच्या राणीछाप रुपयाला हा आकडा 1.13च्या आसपास यायला हवा. जर्मन सिल्व्हरचा असेल तर 1.3च्या वर जातो. झिजलेलं नाणं मुळातच हलकं असतं, म्हणून त्याच्या वजनाला या आकड्याने भागावं. उत्तर दहाच्या थोडं वर आलं की चांदी ठीक. शिसं मिसळून हाही हिशेब जमवता येतो, म्हणून शेवटी नाद. नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकवायचं. चांदी लांबवर गुणगुणते, शिसं मिसळलेलं नाणं बद्द बोलतं. एकदा ऐकलंत की विसरणार नाही.

4. दोन्ही बाजू सगळेच बघतात, कड कोणी बघत नाही. साच्यात ओतलेल्या नकलेची शिवण कडेवरच सापडते, किंवा ती कानशीने घासून काढल्याचा चपटेपणा तरी. आपल्याकडे रुपयांच्या माळा करायची चाल होती. त्यामुळे राणीच्या मुकुटाच्या वर, बारा वाजतात त्या जागी, कडी काढून टाकल्याची डाकेची खूण हमखास तपासावी. ती असली की नाणं मोडीच्या भावाचं, मग चेहरा कितीही ठसठशीत असो.

5. सुरुवात शिवराईने करावी, असं माझं ठाम मत आहे. तांब्याची, स्वस्त आणि भरपूर. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति". साचे अनेक ठिकाणी, अनेक हातांनी कोरले गेले, त्यामुळे अक्षरांत आणि ऱ्हस्व-दीर्घात इतका फरक की निव्वळ शिवराया लावत बसलं तरी वर्षं जातील. पुण्याच्या जुन्या बाजारात प्रत्येक शिवराई "महाराजांच्या हातची" असते. मी विचारतो, "अहो, मग ही दुदांडी कशी?" दोन ओळींच्या मधे दुहेरी रेघ असलेली ही शिवराई पेशवाईतली. महाराजांच्या नावाचं नाणं त्यांच्यामागेही दीडशे वर्षं पडत राहिलं. विक्रेता हसतो, "काका, तुम्ही जाणकार, तुम्हाला काय सांगायचं," आणि भाव उतरतो.

6. घासू नका. चिंच नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर नकोच. तांब्यावर बसलेला तपकिरी-काळा थर शंभर वर्षांनी तयार होतो आणि पाच मिनिटांत जातो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांनाही फाटा द्यावा; त्यातल्या पीव्हीसीने नाण्यावर हिरवा चिकटा धरतो.

7. एका नाण्यावर दोन छाप दिसले तर ते खराब समजून टाकू नये. 1906मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. नाणी क्षत्रप नहपानाची, पण बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. नहपानाचा पराभव कोरीव लेखात वाचणं वेगळं आणि त्याच्याच चेहऱ्यावर उमटलेला विजेत्याचा ठसा पाहणं वेगळं. असं नाणं बाजारात येतं तेव्हा महाग असतं, नकलाही पुष्कळ. ते माहितीच्या माणसाकडूनच घ्यावं, आणि पावती मागायला लाजू नये.

8. कथेचे पैसे देऊ नयेत. राम-सीता, मारुती, ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818 असं सगळं एकत्र असलेलं नाणं घरात ठेवलं की बरकत येते म्हणतात. येत असावी, विकणाऱ्याच्या घरात. कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही. 1911चा "डुकराचा रुपया" निदान खरा तरी आहे. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि तो मागे घ्यावा लागला. पण तो लाखांचा नव्हे. घरातल्या नाण्याचे लाखो देतो म्हणत आधी "फी" मागणाऱ्यांविषयी तर रिझर्व्ह बँकेनेच 2021मध्ये लोकांना सावध केलं होतं.

9. ओली माती लागलेला माल घेऊ नये. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरच्या किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, असं 1878चा निखात निधी कायदा सांगतो. शंभर वर्षांवरचं नाणं 1972च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेरही नेता येत नाही. न्यू जर्सीच्या भाच्याला राणीछाप रुपया हवा होता. त्याला 1947चा निकेलचा, वाघाचा रुपया दिला. वाघ बघून तो जास्तच खूश झाला.