काटा बिघडला तर आधी हात आवरा

हिंगोली आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम आला की इलेक्ट्रॉनिक काट्याला दिवसभर उसंत नसते. अशा वेळी काटा अडला की मुनीम, हमाल, नोकर सारेच त्यावर हात चालवतात. कोणी बटणे दाबतो, कोणी स्क्रू काढून झाकण उघडतो. मग मेकॅनिक येऊन विचारतो, "कोणी काही केले होते का?" उत्तर ठरलेले असते: "नाही, आपोआपच बिघडला."

या उत्तराची किंमत किती, ते आपण पाहू.

काट्याच्या पाटाखाली 'लोड सेल' नावाचा धातूचा तुकडा असतो. वजनाने तो किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांतील विजेचा रोध बदलतो आणि त्यावरून आकडा दिसतो. किती बदलाला किती किलो, हे काट्यात बसवण्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते बिघडले तर काटा बंद पडत नाही. चालू राहून खोटे वजन दाखवतो. 50 किलोच्या कट्ट्यामागे 100 ग्रॅमचा फरक पडला, तर 10 क्विंटलला 2 किलो होतात. क्विंटलला 12000 रुपये भाव धरला, तर ते 240 रुपये झाले. शेतकऱ्याचे किंवा आपले. माप मारणाऱ्यांना कुरआनच्या 'अल-मुतफ्फिफीन' या सूरहमध्ये कडक इशारा आहे. आपली चूक अजाणता झालेली असली, तरी कळूनही तोच काटा चालवला तर ती अजाणता राहत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. 2009 च्या वैधमापन कायद्यानुसार काट्याची दुरुस्ती परवानाधारकानेच करावयाची असते. 2011 च्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी व मुद्रांकन दर 12 महिन्यांनी करून घ्यावे लागते. शिक्का तोडून झाकण उघडले, तर पुन्हा पडताळणी होईपर्यंत त्या काट्यावर व्यवहार करता येत नाही. हेतू चांगला होता, हे सांगून भागत नाही.

मग आपण काय करावे?

1. काटा सपाट जागी ठेवून पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी आणावा.
2. पाटाखालची धूळ व हळकुंडाचे तुकडे काढावेत. पाट भिंतीला किंवा पोत्याला टेकू देऊ नये.
3. बॅटरी व वायर पाहावी.
4. पाट रिकामा असतानाच शून्याचे बटण दाबावे.
5. रोज सकाळी शिक्का असलेले वजन मध्यभागी व चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे. फरक दिसल्यास काटा बाजूला ठेवून मेकॅनिकला बोलवावे.

याच्या पुढे हात लावू नये.

काट्याजवळ एक वही ठेवावी. काय झाले, कोणी काय केले, हे तारखेसह लिहावे. पोते आदळले होते एवढे कळले, तरी मेकॅनिक आधी लोड सेल तपासतो आणि अर्ध्या दिवसाचे काम तासात होते.

मात्र ही वही मालकाच्या वागण्यावर चालते. खरे सांगणाऱ्या पोराची मजुरी कापली, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि खोटा काटा महिनाभर चालत राहील. चूक सांगणाऱ्याला आपण अभय द्यावे. त्यात आपलाच व्यापार सुरक्षित आहे.