मुक्तिफौज आणि रस्ता

भर रस्त्यांत ढोल वाजवून कोणी आमच्या पापांचा पाढा वाचूं लागला, तर आम्हांस राग येतो. तो येणें स्वाभाविकच आहे. पण त्या रागाचा दंड कोणीं भरावा? १८८२ सालीं इंग्लंडांतील वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकांठच्या गांवीं हाच प्रश्न उभा राहिला. मुक्तिफौजेचे लोक गात-वाजवीत मिरवणूक काढीत. 'सांगाड्यांची फौज' म्हणविणारा जमाव त्यांना आडवा येई आणि दंगा माजे. पकडले मात्र गेले मिरवणूकवाले! मॅजिस्ट्रेटांनीं त्यांचेकडून शांततेचे जामीन मागितले. बीटी व त्यांचे सोबती अपिलांत गेले, तेव्हां वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, दुसरे बेकायदा वागतील एवढ्यावरून कायदेशीर कृत्य गुन्हा ठरत नाहीं.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत फ्रेडरिक टकर मुंबईस उतरले. सनदी नोकरी सोडून त्यांनीं देशी पोषाख व फकीरसिंग हें नांव घेतलें होतें. येथेंही दंग्याच्या भयानें पोलिसांनीं मिरवणुकीस मनाई केली. ती न जुमानल्यामुळें टकरांस पुढें महिन्याचा तुरुंगवास घडला. लंडनचा न्याय मुंबईच्या रस्त्यावर पोंचला नव्हता, असेंच म्हणावें लागतें. टकरांच्या बाजूनें कलकत्त्यास उघडपणें बोलले ते ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन. आणि ते तर ख्रिस्ती नव्हते.