शोभिवंत माशांच्या टाकीसाठी हीटर किती वॅटचा असावा?

शेतीला जोडधंदा म्हणून शोभिवंत माशांची पैदास करणाऱ्यांना हिवाळ्याचे दिवस कसोटीचे जातात. माशांच्या अंगी स्वतःची ऊब राखण्याची शक्ती नसते. भोवतालचे पाणी थंड झाले की त्यांचे शरीरही थंड होते. गप्पी, मॉली, गुरामी, एंजल हे उष्ण प्रदेशातील मासे २४ ते २८ अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात सुखाने वाढतात. पाणी २० अंशांखाली उतरले की त्यांची भूक मंदावते, वीण थांबते आणि अंगावर पांढरे ठिपके उठण्याचा रोग बळावतो. पैदाशीसाठी राखलेल्या जोड्याच दगावल्या, तर साऱ्या हंगामाचे उत्पन्न बुडते.

प्रथम गरज पाहावी

प्रत्येक टाकीस हीटर लागतोच असे नाही. गोल्डफिश थंड पाण्यात उत्तम राहतो. कोकण किनाऱ्यावरही हीटरची गरज क्वचितच भासते. याउलट निफाड, नाशिक, जळगाव, नागपूर या भागांत हिवाळ्यात रात्रीचे तपमान कित्येकदा १० अंशांखाली जाते. म्हणून टाकीच्या खोलीत उष्णतामापक टांगून थंडीतील चार-पाच दिवस पहाटेचे तपमान टिपून ठेवावे. इच्छित तपमान व खोलीचे पहाटेचे तपमान यांतील अंतर हाच पुढील हिशेबाचा पाया होय.

पाणी मोजण्याची रीत

टाकीची लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्यास १००० ने भागावे; म्हणजे पाणी किती लिटर आहे ते कळते. उदाहरणार्थ, ९० सें.मी. लांब व ४५ सें.मी. रुंद टाकीत ४० सें.मी. उंच पाणी असल्यास ते १६२ लिटर भरते. वाळू व दगड यांनी व्यापलेली जागा वजा केल्यास सुमारे १४५ लिटर उरते.

वॅटचा हिशेब

झाकण असलेल्या टाकीसाठी स्थूल प्रमाण असे धरावे: अंतर ५ अंशांपर्यंत असल्यास दर लिटरला पाऊण वॅट, ५ ते ८ अंश असल्यास एक वॅट, ८ ते १० अंश असल्यास सव्वा ते दीड वॅट. पन्नास लिटरपेक्षा लहान टाकीत पाण्याच्या मानाने काचेचा पृष्ठभाग अधिक असल्याने उष्णता लवकर निघून जाते. तेथे दर लिटरला दोन वॅटपर्यंत धरावे. वरील टाकीत पाणी २६ अंश ठेवावयाचे असून खोलीत पहाटे १८ अंश तपमान असेल, तर अंतर ८ अंश होते व १४५ वॅट पुरतात. म्हणजे १५० वॅटचा एक किंवा ७५ वॅटचे दोन हीटर घ्यावेत.

मोठा हीटर का नको?

'मोठा घेतला म्हणजे काळजी मिटली' असा काहींचा समज असतो. तो घातक आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. या हिशेबाने १४५ लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास १५० वॅटच्या हीटरला सुमारे ६८ मिनिटे लागतात, तर ३०० वॅटच्या हीटरला अवघी ३४ मिनिटे. तपमान राखणारा स्वयंचलित खटका रात्री अडकून राहिला, तर मोठ्या हीटरमुळे सकाळपर्यंत पाणी माशांना असह्य होते. दोन लहान हीटर असल्यास एक बिघडूनही पाणी एकदम थंड होत नाही, आणि एक अडकला तरी ते फार तापत नाही.

वापर व दक्षता

हीटर हवेच्या बुडबुड्यांजवळ बसवावा, म्हणजे ऊब सर्वत्र पसरते. पाणी बदलण्यापूर्वी वीज बंद करून हीटर अर्धा तास निवू द्यावा. पाण्याबाहेर तापलेली काच तडकते. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. वायरीला प्लगाखाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगात शिरत नाही. जोडणीस अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा खटका असलाच पाहिजे.

१०० वॅटचा हीटर एकूण १० तास तापत राहिला की एक युनिट वीज खर्च होते. झाकण घातल्याने आणि टाकीच्या मागे व खाली थर्मोकोल लावल्याने हा खर्च कमी होतो. शिवाय वीज गेल्यास पाणी सावकाश निवते. उघड्यावरील सिमेंटच्या मोठ्या हौदांना हीटर परवडत नाही. अशा ठिकाणी रात्री प्लास्टिकचे आच्छादन घालावे व पैदाशीच्या जोड्या थंडीपूर्वीच घरातील टाकीत आणाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिवाळीच्या सुमारासच टाक्यांची मापे घेऊन हा हिशेब मत्स्यपालकांकडून करवून घ्यावा. थंडी पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ही पूर्वतयारी खचितच स्वस्त पडेल.