पानाफळांतील रक्षक

भाजीसाठी वांगी चिरली, की फोडी लगेच पाण्यात टाकतात. तसे केले नाही, तर पांढऱ्याशुभ्र फोडी थोड्याच वेळात काळवंडतात. कापलेल्या सफरचंदाचीही तीच गत होते. लिंबू मात्र कापून ठेवले तरी असे काळे पडत नाही. इतकेच नव्हे, तर सफरचंदाच्या फोडींना लिंबाचा रस लावला, तर त्याही बराच वेळ पांढऱ्या राहतात. असे का व्हावे?

फळ अखंड असते तोवर त्याच्या पेशींतील द्रव्ये आपापल्या कप्प्यांत सुरक्षित असतात. सुरी फिरली, की पेशी फुटतात, आतील द्रव्ये एकमेकांत मिसळतात आणि हवेतील ऑक्सिजनशी त्यांची क्रिया होऊन तपकिरी रंग तयार होतो. या क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणतात. लोखंड गंजते, तेही ऑक्सिडीकरणामुळेच. ज्या ऑक्सिजनवाचून आपण काही क्षणही जगू शकत नाही, तोच वस्तूंची अशी झीजही घडवून आणतो!

पाण्यात बुडालेल्या फोडींना हवा फारशी लागत नाही, म्हणून त्या पांढऱ्या राहतात. लिंबाची युक्ती निराळी आहे. त्याच्या आंबटपणाने ही क्रिया मंदावते. शिवाय त्याच्या रसात असे एक द्रव्य असते, की ते ऑक्सिजनचा मारा स्वतःवर झेलते आणि शेजारच्या द्रव्यांना वाचवते. अशा द्रव्यांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. नाव लांबलचक असले, तरी काम सोपे आहे : ते रक्षक होत.

हंगेरी देशातील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी या काळ्या पडण्याचा व न पडण्याचा कसून अभ्यास केला. १९२८ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे काम करीत असताना त्यांनी हे रक्षक द्रव्य वेगळे काढण्यात यश मिळवले. परंतु ते इतके थोडे मिळे, की त्यावर पुढील प्रयोग करणे कठीण होते. नंतर ते हंगेरीतील सेगेद येथे प्राध्यापक झाले. हे गाव तांबड्या मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. एके रात्री त्यांच्या पत्नीने जेवणात ताजी मिरची वाढली. ती खाण्याची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. पण तसे सांगण्याचेही धैर्य होईना! तेव्हा ती मिरची तपासून पाहण्याच्या निमित्ताने ते थेट प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना कळून चुकले, की ही मिरची म्हणजे त्या द्रव्याचे भांडारच आहे. काही आठवड्यांतच त्यांनी मिरच्यांपासून ते द्रव्य किलोभराहून अधिक मिळवले. हे द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व होय. १९३७ साली सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

वनस्पतींना अशा रक्षकांची गरज का असते? वनस्पती सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करतात. पण ऊन कितीही प्रखर झाले, तरी त्यांना सावलीत जाऊन बसता येत नाही. प्रखर प्रकाशात पानांच्या पेशींत अतिशय चंचल असे रासायनिक कण निर्माण होतात. त्यांतील पुष्कळांना मुक्त मूलक असे म्हणतात. हे कण शेजारच्या द्रव्यांतील इलेक्ट्रॉन हिरावून घेतात आणि त्यांची मोडतोड करतात. त्यांना आवरण्यासाठी वनस्पती नाना प्रकारची रक्षक द्रव्ये तयार करतात. गाजरातील केशरी, टोमॅटोतील लाल आणि जांभळातील जांभळा रंग हे अशाच द्रव्यांचे रंग आहेत.

आता आपल्या त्वचेकडे वळू. त्वचेचा घट्टपणा व लवचिकपणा ज्यांवर अवलंबून असतो, त्यांपैकी कोलॅजेन हे एक प्रमुख द्रव्य आहे. त्याचे धागे तीन पेडांच्या दोरीसारखे वळलेले असतात. हा पीळ घट्ट बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. कुत्रा, बकरी असे बहुतेक प्राणी ते आपल्या शरीरात तयार करतात. माणसाला मात्र ते अन्नातूनच घ्यावे लागते.

ते मिळाले नाही तर काय होते, याची भयंकर प्रचीती पूर्वीच्या खलाशांना येत असे. महिनोन्‌महिने ताजी फळे व भाज्या न मिळाल्याने त्यांना स्कर्व्ही नावाचा रोग जडे. हिरड्यांतून रक्त येई, दात हलू लागत आणि अनेकजण प्राणास मुकत. १७४० साली जॉर्ज अ‍ॅन्सन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून निघालेल्या आरमारात या रोगाने हाहाकार उडवला. त्या सफरीच्या वृत्तांतात एका माणसाची हकीकत आहे. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेल्या आणि केव्हाच भरून आलेल्या त्याच्या जखमा पुन्हा उघडल्या! भरलेली जखमसुद्धा शरीर सतत डागडुजी करून भरलेली ठेवत असते, हे यावरून ध्यानात येते. पुढे १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस वेगळा उपचार दिला. ज्या जोडीला संत्री व लिंबू देण्यात आले, तीच सर्वांत लवकर सुधारली.

मग भरपूर फळे खाल्ली, की माणूस कायमचा तरुण राहील काय? ही इच्छा फार जुनी आहे. वृद्ध च्यवन ऋषींना पुन्हा तारुण्य मिळाल्याची कथा आपल्याकडे प्रसिद्ध आहे, आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या च्यवनप्राशात क जीवनसत्त्वाने समृद्ध असा आवळाच मुख्य असतो. परंतु कथा वेगळी आणि पुरावा वेगळा.

२०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील एका मालमोटारचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे मोटार चालवताना त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर खिडकीतून ऊन पडत होते. ती बाजू जाड व सुरकुतलेली झाली होती, तर उजवी त्या मानाने बरीच नितळ होती. दोन्ही गालांचे वय एकच, अन्न एकच आणि त्यांतून वाहणारे रक्तही एकच. भेद होता तो केवळ उन्हाचा. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे त्वचेत मुक्त मूलक निर्माण होतात व कोलॅजेनचे धागे तुटतात. अन्नातील रक्षक या कामी साहाय्य करतात. पण छत्री, टोपी व सावली यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. त्वचेचा स्वतःचाही एक रक्षक आहे. मेलॅनिन हे त्याचे नाव. सावळेपणा येतो तो त्याच्यामुळे. तेव्हा सावळा रंग हा दोष नव्हे. ती निसर्गाने दिलेली ढाल आहे.

रक्षक द्रव्ये जर इतकी उपयुक्त, तर त्यांच्या गोळ्याच का घेऊ नयेत? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर याची परीक्षा घेण्यात आली. त्यांपैकी काहींना गाजरातील बीटा-कॅरोटीन या द्रव्याच्या गोळ्या अनेक वर्षे दिल्या. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी आशा होती. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो उलटाच : गोळ्या घेणाऱ्यांत तो रोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर खाणे आणि त्यातील एकच द्रव्य काढून मोठ्या प्रमाणात घेणे, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून, केवळ जाहिरातीवर विसंबून अशा गोळ्या घेऊ नयेत.

आवळा, पेरू, लिंबू, कोथिंबीर, पालेभाज्या हे आपल्या परिचयाचे पदार्थ. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते व पाण्यात विरघळते. म्हणून भाजी चिरण्यापूर्वी धुवावी आणि प्रमाणाबाहेर शिजवू नये. एवढे केले, की शरीराला त्याच्या रोजच्या डागडुजीचे साहित्य मिळते. वय वाढले, की सुरकुत्या यावयाच्याच. त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. कातडी तरुण दिसावी यापेक्षा ती निरोगी राहावी आणि आतील शरीर सशक्त असावे, हेच अधिक मोलाचे होय.

अभ्यास

१. चिरलेली वांगी पाण्यात का टाकतात?
२. मोटारचालकाच्या उदाहरणावरून कोणता बोध होतो?
३. ‘कथा वेगळी आणि पुरावा वेगळा’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
४. सफरचंदाच्या दोन फोडी घ्या. एकीस लिंबाचा रस लावा. एका तासाने दोन्हींत दिसणारा फरक लिहून काढा.