मन भटकतं, त्याचं काय करायचं?

पी.एल. लागली की आमच्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टींना ऊत येतो. एक रात्रीची मॅगी, दुसरी 'कॉन्सन्ट्रेशन कसं वाढवावं' ही चर्चा. ध्यान कर, असं जो तो सांगतो. पण डोळे मिटले की दोन मिनिटांत मेसचं बिल, फ्लुइडचा पेपर आणि घरचा फोन रांगेत उभे! मग 'आपल्याला नाही बुवा जमत' म्हणून माणूस उठतो.

मित्रांनो, मन भटकलं म्हणजे ध्यान फसलं, हा समजच चुकीचा आहे. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. ध्यान करणाऱ्या १४ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. मन भटकल्याचं लक्षात आलं की बटण दाबायचं आणि पुन्हा श्वासाकडे यायचं. म्हणजे मन भटकणार, हे गृहीतच होतं. भटकणं, ते लक्षात येणं, परत वळणं आणि टिकणं, असं ते चक्र. व्यायाम होतो तो लक्षात येण्याचा आणि परत येण्याचा. (पतंजलींनीही मन एका जागी बांधणं म्हणजे धारणा आणि अखंड प्रवाह म्हणजे ध्यान, अशा दोन वेगळ्या पायऱ्या सांगितल्या आहेत. आपण सगळे अजून पहिलीवरच आहोत!)

मग भटकणं वाईटच का? हार्वर्डच्या २०१० च्या अभ्यासात लोकांचं मन जवळपास ४७ टक्के वेळ हातातल्या कामावर नव्हतं, आणि तेव्हा ते तुलनेने कमी आनंदी होते. पण दुसरी बाजू आपल्याच बिरादरीतली आहे. आंरी प्वांकारे हा फ्रेंच गणिती शिक्षणाने खाण इंजिनिअर. फुक्सियन फंक्शन्सवर त्याने रोज टेबलाशी बसून डोकं फोडलं. नंतर तो सहलीला गेला आणि गणित विसरला. कुतांस गावी बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि उत्तर सुचलं! त्याने स्वतःच हे लिहून ठेवलंय, आणि बजावलंय की आधी ती घासाघीस झाली नसती तर काहीच सुचलं नसतं.

माझ्या मते मुद्दा इथेच आहे. डोक्यात काही भरलेलं असेल तर भटकण्याला अर्थ. आणि आपण तर भटकूही देत नाही. मेसच्या रांगेत मोबाईल, जिन्यात मोबाईल, अंघोळीला जाताना सुद्धा मोबाईलवर गाणी. लक्ष लागत नाही ही तक्रार सगळे करतात, पण मन रिकामं सोडायला जागाच उरली नाही, याबद्दल कोणी बोलत नाही.

सध्या मी असं करतो: सकाळी दहा मिनिटं श्वास, मग थर्मोचं एक गणित अडेपर्यंत. अडलं की मोबाईल रूमवर ठेवून गेटबाहेरच्या टपरीपर्यंत चालत. रूम पार्टनर याला 'कटिंग प्यायची शास्त्रीय सबब' म्हणतो. त्याचंही पूर्ण चूक नाही. पण गेल्या आठवड्यात रँकिन सायकलचं एक गणित परतीच्या वाटेवर, वॉचमनकाकांच्या केबिनपाशी सुटलं, आणि वर येऊन ते त्यालाच समजावून सांगावं लागलं.